जुन्या लॅपटॉपचा रेडिओ: सॉफ्टवेअर रेडिओ नेमका कुठे अडतो?

विंडोज १०ला मिळणारे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११ न घेणारे लॅपटॉप घरोघरी पडून राहिले. कीबोर्ड चालतो, स्क्रीन चालते, चार जीबी रॅम आहे, पण त्याचं करायचं काय? त्याच वर्षी अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवर भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. ते वाचून नांदेड-परभणीकडची पोरं विचारायला लागली, की अंतराळ स्थानकाचा आवाज आपल्या गच्चीवर पकडता येतो का?

येतो. स्थानक आपल्या आकाशातून जात असेल आणि तिथून कुणी बोलत असेल, तर १४५.८०० मेगाहर्ट्झवर तो आवाज मिळतो. त्यासाठी असाच एक जुना लॅपटॉप, काही हजार रुपयांची एक यूएसबी डोंगल, साधी अँटेना आणि मुक्त सॉफ्टवेअर एवढं पुरतं. या जुळणीलाच सॉफ्टवेअर रेडिओ म्हणतात. मुक्त म्हणजे ज्याचा सोर्स कोड, प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे वाटता येतो.

अडतं ते पुढेच. 'सर, ड्रायव्हर टाकायलोय पण ते घेईनाच,' असा निरोप येतो. दोन दिवसांनी तोही येईनासा होतो. रेडिओ शिकायला बसलेली हुशार पोरं इन्स्टॉलेशनवरच गळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण तिथे अडण्याचा त्यांच्या हुशारीशी काही संबंध नसतो. सॉफ्टवेअर रेडिओ हा एकावर एक रचलेल्या थरांनी बनतो, आणि लिनक्स, विंडोज, मॅक या प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळाच थर अडतो. कुठला थर कुठे अडतो हे कळलं, की लाल अक्षरांतला एरर वाचता येऊ लागतो.

सॉफ्टवेअर रेडिओ म्हणजे काय

जुन्या रेडिओत प्रत्येक कामाला वेगळा भाग असायचा. स्टेशन निवडायला कॉइल आणि गँग कंडेन्सर, आवाज सोडवून घ्यायला डिटेक्टर, नको त्या लहरी अडवायला फिल्टर. मीडियम वेव्हचा रेडिओ एफएम वाजवू शकत नव्हता, कारण ते काम करणारे भागच त्यात नव्हते. सॉफ्टवेअर रेडिओत अँटेनातून आलेली लहर शक्य तितक्या लवकर आकड्यांत बदलतात. त्यापुढचं सगळं गणित. प्रोग्रॅम बदलला की त्याच डोंगलचा एफएम रेडिओ होतो, विमानांचा मागोवा घेणारं यंत्र होतं किंवा उपग्रहाचं चित्र उतरवणारा रिसीव्हर होतो. ही कल्पना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ मिटोला यांनी मांडली. २००१मध्ये एरिक ब्लॉसम यांनी जॉन गिलमोर यांच्या आर्थिक मदतीने ग्नू रेडिओ हा मुक्त प्रकल्प सुरू केला.

पण ही विद्या बरीच वर्षं ज्यांना महाग उपकरणं परवडत होती त्यांच्यापुरतीच राहिली. २०१२मध्ये चित्र पालटलं. डिजिटल टीव्ही बघायच्या एका स्वस्त यूएसबी डोंगलमधली रिअलटेक कंपनीची आरटीएल २८३२यू ही चिप लहरींचे कच्चे आकडे थेट संगणकाला देऊ शकते, हे काही धडपड्या लोकांच्या लक्षात आलं. ऑस्मोकॉम या मुक्त प्रकल्पातल्या मंडळींनी तिच्यासाठी ड्रायव्हर लिहिला आणि टीव्हीची डोंगल रेडिओ झाली. आजही तिला आरटीएल-एसडीआर म्हणतात. एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ.

या डोंगलचं काम एकदा नीट बघून घेऊ. ती सेकंदाला २४ लाख वेळा लहर मोजते. अशा प्रत्येक मोजणीला सॅम्पल म्हणतात. प्रत्येक सॅम्पलमध्ये आय आणि क्यू असे दोन आकडे असतात. एकाच आकड्यावरून त्या क्षणी लहर किती उंच होती एवढंच कळतं. दोन्ही मिळून ती आपल्या फेऱ्यात कुठवर आली होती तेही कळतं, आणि म्हणूनच आपण लावलेल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचं स्टेशन आणि खालचं स्टेशन वेगळं ओळखता येतं. प्रत्येक आकडा एक बाइटचा. म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट, मिनिटाला साधारण २८८ एमबी. जुन्या लॅपटॉपचा पंखा का घोंघावतो ते यावरून कळेल.

एफएमच्या पट्ट्यात डोंगल लावली की पडद्यावर वॉटरफॉल दिसतो: आडव्या दिशेने फ्रिक्वेन्सी, उभ्या दिशेने वेळ, आणि जिथे सिग्नल तिथे उजळ पट्टा. साधारण २०० किलोहर्ट्झ रुंदीचा एक पट्टा म्हणजे एक स्टेशन. गाणं चढलं की पट्टा फुगतो, निवेदक क्षणभर थांबला की आक्रसून बारीक होतो. आवाज सोडवून घेतल्यावर त्याचाही वर्णपट, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे याचं चित्र, काढून पाहा. स्टेशन स्टिरिओ असेल तर १९ किलोहर्ट्झवर एक सरळ, न हलणारी रेघ दिसते. तिला पायलट म्हणतात. डावा-उजवा आवाज वेगळा करताना रिसीव्हर या रेघेचा आधार घेतो. काही स्टेशनं ५७ किलोहर्ट्झवर आपलं नावही अक्षरांत पाठवतात. पुस्तकातली एफएम मॉड्युलेशनची आकृती वर्षभर घोकून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे पाच मिनिटांत डोळ्यांना दिसतं.

एकावर एक थर

सगळ्यात खाली अँटेना आणि डोंगल. त्यावर यूएसबी. त्यावर ड्रायव्हर, म्हणजे डोंगलशी तिच्या भाषेत बोलणारा छोटा प्रोग्रॅम. त्यावर सोपी-एसडीआर किंवा जीआर-ऑस्मोएसडीआर अशी मध्यस्थ लायब्ररी. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं वरच्या प्रोग्रॅमला एकाच पद्धतीने वापरता यावीत, ही तिची जबाबदारी. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांनी वापरावा म्हणून लिहून ठेवलेला कोड. त्यावर गणित करणारं इंजिन, म्हणजे ग्नू रेडिओ. आणि सगळ्यात वर आपल्याला दिसणारी खिडकी, उदाहरणार्थ जीक्यूआरएक्स. एसडीआर प्लस प्लस हा प्रोग्रॅम थोडा वेगळा आहे. त्याचं गणिताचं इंजिन त्याच्याच पोटात असतं, ग्नू रेडिओ लागत नाही. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे तो चालतो. नवख्याने सुरुवात त्याच्यापासूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

खिडकी उघडते पण आवाज नाही, अशा वेळी सगळे जण खिडकीतली बटणं दाबत बसतात. उलट करा. तपासणी खालून सुरू करा. ड्रायव्हरसोबत आरटीएल-टेस्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो, तो टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालवा. त्याने डोंगल सापडल्याचं सांगितलं, स्टेशन निवडणाऱ्या ट्यूनर चिपचं नाव छापलं आणि सॅम्पल गळत असल्याची तक्रार सतत केली नाही, तर खालचे थर ठीक आहेत. मग दोष वर शोधायचा. डोंगलच सापडली नाही, तर वरचं काहीही बदलून उपयोग नाही. सॅम्पल गळत असतील तर यूएसबी हब काढून डोंगल थेट लॅपटॉपला लावून बघा.

बांधायचं म्हणजे काय

मुक्त सॉफ्टवेअर दोन रूपांत मिळतं. तयार पॅकेज म्हणजे भाजलेली भाकरी आणि सोर्स कोड म्हणजे पोत्यातली ज्वारी. ज्वारी आणली तर दळण, चूल, तवा सगळं घरचं लागतं. पण मालदांडी घ्यायची की परभणी मोती, आणि किती बारीक दळायची, हेही आपल्याच हातात राहतं. संगणकात दळणाचं काम कंपायलर करतो. तो सोर्स कोडचं रूपांतर त्या विशिष्ट प्रोसेसरला आणि ऑपरेटिंग सिस्टिमला कळणाऱ्या आज्ञांत करतो. म्हणूनच विंडोजसाठी बांधलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा लिनक्सवर चालत नाही.

ग्नू रेडिओ बांधताना क्रम असा असतो: गिट या प्रोग्रॅमने सोर्स कोड उतरवायचा, सीमेक या प्रोग्रॅमला आपल्या मशीनची पाहणी करू द्यायची, मेक या आज्ञेने कंपाइल करायचं, मग इन्स्टॉल. यातली पाहणी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही. सीमेक शेवटी एक यादी छापतो: कुठले भाग बांधले जाणार आणि कुठले वगळले. एखादी लायब्ररी सापडली नाही तर तो बऱ्याचदा थांबत नाही, तो भाग गुपचूप वगळून पुढे जातो. तासभर कंपाइल होतं, सगळं यशस्वी दिसतं, आणि चित्रं जोडून रेडिओ बनवायची खिडकीच गायब असते. म्हणून आधी यादी वाचा, मग मेक चालवा.

लायब्ररी इन्स्टॉल आहे तरी सीमेकला सापडत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. डेबियन, उबंटू, मिंट या लिनक्सच्या वितरणांत, म्हणजे तयार संचांत, प्रत्येक लायब्ररीची सहसा दोन पॅकेजं असतात. एक प्रोग्रॅम चालवण्यापुरतं, आणि नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेलं दुसरं, कंपायलरला लागणाऱ्या हेडर फाइल्सचं. बांधायचं असेल तर दुसरंही हवं.

आणि रॅम. इंटरनेटवरच्या सूचना सांगतात, प्रोसेसरचे जेवढे कोअर तेवढ्या फाइल्स एकदम कंपाइल करा. चार जीबीच्या लॅपटॉपवर ते झेपत नाही. ग्नू रेडिओच्या ३.९ या आवृत्तीपासून त्यात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला जोडणाऱ्या फाइल्स पायबाइंड-इलेव्हन वापरून बनतात आणि त्यांची एकेक फाइल बरीच मेमरी खाते. मशीन गोठतं किंवा कंपायलर अचानक 'किल्ड' म्हणून मरतो. एका वेळी एक किंवा दोनच फाइल्स घ्या. वेळ लागेल, पण पूर्ण होईल.

लिनक्सवर काय अडतं

जुन्या लॅपटॉपला लिनक्सच घाला. जीक्यूआरएक्स, ग्नू रेडिओ आणि आरटीएलचा ड्रायव्हर, तिन्ही उबंटूच्या पॅकेज-भांडारात तयार मिळतात. मात्र दोन ठिकाणी पाय अडकतो.

लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, ही डोंगल अजूनही टीव्हीचीच वाटते. त्यामुळे ती लावली की टीव्हीचा ड्रायव्हर आधी तिच्यावर ताबा घेतो आणि रेडिओच्या प्रोग्रॅमला 'इंटरफेस ताब्यात घेता आला नाही, उणे सहा' असा एरर मिळतो. टीव्हीच्या ड्रायव्हरचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे सुरू करू नयेत अशा ड्रायव्हरांच्या यादीत, टाकून मशीन परत सुरू केलं की हा प्रश्न मिटतो. अनेक वितरणांत पॅकेजच ते काम करून देतं. स्वतः सोर्सपासून बांधलं असेल तर ते आपल्याला करावं लागतं.

दुसरी अडचण परवानगीची. सुडो, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार देणारी आज्ञा, लावून प्रोग्रॅम चालतो आणि न लावता चालत नाही, अशी स्थिती असेल तर दोष हमखास यूडेव्हच्या नियमांत आहे. कुठलं यूएसबी उपकरण कुठल्या वापरकर्त्याला वापरू द्यायचं, ते हे नियम ठरवतात. ड्रायव्हरच्या सोर्ससोबत नियमांची फाइल येते, ती जागेवर ठेवून डोंगल काढून परत लावायची. रेडिओ कायम सुडोने चालवायची सवय लावून घेऊ नका.

स्वतः बांधलेल्या प्रोग्रॅमला लायब्ररी सापडत नसेल तर नव्या लायब्ररींची नोंद घेणारं एलडीकॉन्फिग चालवायचं राहिलेलं असतं. पायथनला ग्नू रेडिओ सापडत नसेल तर तो वेगळ्या फोल्डरमध्ये गेलेला असतो. आणि सगळ्यात चिवट दुखणं म्हणजे दोन ग्नू रेडिओ: एक भांडारातला, एक स्वतः बांधलेला. खिडकी एकाची, लायब्ररी दुसऱ्याची, आणि प्रोग्रॅम काही न सांगता बंद पडतो. एक ठेवा, दुसरा पूर्ण काढा.

विंडोजवर काय अडतं

इथे ड्रायव्हरचाच थर अडतो. विंडोज डोंगलला स्वतःचा ड्रायव्हर देऊन टाकतं, रेडिओला मात्र विनयूएसबी हा साधा ड्रायव्हर लागतो. झाडिग नावाचा छोटा मुक्त प्रोग्रॅम ही अदलाबदल करतो. त्यात 'सगळी उपकरणं दाखवा' निवडून यादीतलं 'बल्क-इन, इंटरफेस' हे नाव शून्य क्रमांकासह निवडायचं. घाईत माउस किंवा कीबोर्ड निवडला तर त्याचाच ड्रायव्हर बदलतो आणि तो बंद पडतो. नाव दोनदा वाचून मगच बटण दाबा. डोंगल दुसऱ्या पोर्टला लावली किंवा विंडोजने मोठं अपडेट घेतलं, की कधी कधी हे परत करावं लागतं.

विंडोजवर ग्नू रेडिओ स्वतः बांधायच्या फंदात नवख्याने पडू नये. तिथे मायक्रोसॉफ्टचा कंपायलर आणि मिनजीडब्ल्यू हा मुक्त कंपायलर असे दोन वेगळे संसार आहेत. एकाने बांधलेली सी प्लस प्लस लायब्ररी दुसऱ्याला चालत नाही. अर्ध्या लायब्ररी इकडच्या, अर्ध्या तिकडच्या झाल्या की लिंकरच्या, म्हणजे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, एररची न संपणारी यादी पुढ्यात येते. रेडिओकोंडा नावाचा तयार संच आहे. ग्नू रेडिओ, पायथन आणि लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी तो एकाच फोल्डरमध्ये एकमेकांशी जुळतील अशा आणून ठेवतो. तोच घ्या.

'विंडोजमध्येच लिनक्स चालवता येतं ना, मग ते का नको?' असंही विचारतात. त्या सोयीचं नाव डब्ल्यूएसएल. तिच्यात ग्नू रेडिओ सुरेख चालतो, फक्त यूएसबी उपकरणं तिथे आपोआप पोचत नाहीत. त्यासाठी यूएसबीआयपीडी नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागतो. रेकॉर्ड केलेल्या फाइलवर सराव करायचा असेल तर मात्र डब्ल्यूएसएल उत्तम.

मॅक, फोन आणि रास्पबेरी पाय

मॅकवर डोंगलसाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही, तो थर तिथे गप्प असतो. होमब्रू किंवा मॅकपोर्ट्स हे पॅकेज आणून देणारे प्रोग्रॅम वापरून सगळं मिळतं. गोंधळ प्रोसेसरचा होतो. २०२०च्या अखेरीपासून ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या चिप वापरायला सुरुवात केली. दोन्हींसाठी होमब्रूचे फोल्डर वेगळे आहेत, आणि जुन्या मशीनवरून सगळं नव्यावर उचलून आणलं की दोन प्रकारच्या लायब्ररींची भेसळ होते. फार जुन्या मॅकवर होमब्रूपेक्षा मॅकपोर्ट्स बरं.

अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने डोंगल लावून एसडीआर प्लस प्लस चालवता येतो. शेतात, गडावर नेण्याजोगा हा रेडिओ आहे. रास्पबेरी पाय हा हातात मावणारा छोटा संगणक गच्चीवर अँटेनाजवळ ठेवून आरटीएल-टीसीपी या प्रोग्रॅमने सॅम्पल खाली लॅपटॉपकडे पाठवता येतात. पूर्ण वेगाने ते सेकंदाला ३८ मेगाबिटांच्या पुढे जातात, म्हणून वायफाय कमजोर असेल तर सॅम्पलचा वेग कमी करा.

तयार मिळतं, मग बांधायचं कशाला?

बहुतेकांनी बांधूच नये. तयार पॅकेज घ्या, रेडिओ ऐका, शिका. बांधायची वेळ ठरावीक कारणांनी येते. नवं उपकरण घेतलं आणि वितरणातला ड्रायव्हर जुना असला तर, हे एक. आरटीएल-एसडीआर ब्लॉग या नावाने विकल्या जाणाऱ्या डोंगलची चौथी आवृत्ती २०२३मध्ये आली. जुन्या ड्रायव्हरवर ती सापडते, पण नीट ऐकू येत नाही, आणि लोक डोंगल बिघडली म्हणून परत करतात. दुसरं कारण, एखादं जोड मॉड्युल. ग्नू रेडिओ ३.७मधून २०१९मध्ये ३.८ झाला तेव्हा पायथन ३ आलं, ब्लॉकच्या, म्हणजे रेडिओ जोडायच्या तयार ठोकळ्यांच्या, फाइल्स एक्सएमएलऐवजी वायएएमएल या पद्धतीने लिहिल्या जाऊ लागल्या, जुनी डब्ल्यूएक्स खिडकी निघाली. त्यामुळे ३.७साठी लिहिलेलं मॉड्युल आजच्या ३.१०वर बांधलं जात नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सापडलेला जुना कोड चालत नाही, त्यामागे अनेकदा एवढंच असतं. कोड कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते उतरवण्याआधी बघा.

तिसरं कारण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बांधता आलं की आत बदल करता येतो. एफएम डीमॉड्युलेटरचा, म्हणजे लहरीतून आवाज सोडवणाऱ्या भागाचा, कोड उघडून त्यातली एक ओळ बदलावी, परत बांधावं आणि आवाज कसा बदलतो ते ऐकावं. हे शिक्षण कुठल्याही विकतच्या बंद सॉफ्टवेअरवर मिळत नाही.

परभणी केंद्र का ऐकू येत नाही?

आमच्याकडे डोंगल लावल्यावर पहिला हिरमोड इथेच होतो. परभणी आकाशवाणी म्हटलं की मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांना १३०५ किलोहर्ट्झ आठवतं. आर८२०टी ट्यूनरची डोंगल सुरूच होते २४ मेगाहर्ट्झला. १३०५ किलोहर्ट्झ म्हणजे १.३०५ मेगाहर्ट्झ, तिच्या पट्ट्याच्या कितीतरी खाली. सॉफ्टवेअर कितीही बदला, ते स्टेशन येणार नाही. काही डोंगलांत ट्यूनर वगळून लहर थेट मोजणारी डायरेक्ट सॅम्पलिंग नावाची सोय असते, वर सांगितलेल्या चौथ्या आवृत्तीत फ्रिक्वेन्सी वर उचलून घेणारं सर्किट असतं. मीडियम वेव्हसाठी अशी डोंगल आणि लांब तार हवी.

घरातल्या गोंगाटाचाही विचार करा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सोलर पंपाचे कंट्रोलर, हे सगळे खालच्या पट्ट्यांत खरखर पसरवतात. लाइट गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर वॉटरफॉल बघा. आडवे-उभे पट्टे पुसले जातात आणि त्यांच्याखाली दबलेली बारीक स्टेशनं वर येतात. भारनियमनाचा एवढा एक उपयोग मी विद्यार्थ्यांना आवर्जून करायला सांगतो.

एप्रिल-मेच्या उन्हात डोंगलची फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल सरकतो. स्वस्त क्रिस्टल दहा लाखांत ५० भागांनी, म्हणजे ५० पीपीएमने, चुकला तर १०० मेगाहर्ट्झवर पाच किलोहर्ट्झचा फरक पडतो. एफएमला तो जाणवत नाही, पण बारीक डिजिटल सिग्नल हातचा निसटतो. डोंगल सावलीत ठेवा, आणि ती गरम होऊन स्थिरावेपर्यंत थांबून मग पीपीएमची दुरुस्ती करा. मृगाआधीच्या विजांत मात्र गच्चीवरच्या अँटेनाची केबल काढून घराबाहेर ठेवा. विजेच्या बाबतीत मराठवाड्याने फार सोसलं आहे, इथे हयगय नको.

मग ऐकायचं काय?

जुने व्हिडिओ बघून नोआ १५, १८, १९ या अमेरिकी हवामान उपग्रहांची चित्रं उतरवायला बसू नका. ते तिन्ही २०२५मध्ये निवृत्त झाले आणि आता गप्प आहेत. रशियाचे मीटिओर-एम मालिकेतले उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चित्रं पाठवतात. सॅटडंप हा मुक्त प्रोग्रॅम ती सोडवतो. १०९० मेगाहर्ट्झवर विमानं आपली जागा आणि उंची स्वतःच सांगत असतात. मुंबई-हैदराबाद मार्गावरची विमानं आपल्या डोक्यावरूनच जातात, त्यामुळे साध्या अँटेनावरही पडदा रिकामा राहत नाही. हौस वाढली तर १४२० मेगाहर्ट्झवर आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल आहे. त्यासाठी पत्र्याच्या डब्यांचा हॉर्न अँटेना आणि एक चांगला ॲम्प्लिफायर लागतो.

हे कायद्यात बसतं का?

आकाशवाणी, हौशी रेडिओ, हवामान उपग्रह हे सर्वांसाठीच प्रक्षेपित होतं. पोलीस, लष्कर किंवा कुणाचं खाजगी संभाषण चोरून ऐकणं हा गुन्हा आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या जमतं म्हणून तो माफ होत नाही. प्रक्षेपणासाठी परवाना लागतोच. आरटीएल डोंगल फक्त ऐकते, हॅकआरएफसारखं उपकरण मात्र प्रक्षेपणही करतं. रास्पबेरी पायच्या पिनला तार जोडून घरचं एफएम स्टेशन काढायचे व्हिडिओ पोरं उत्साहाने बघतात. ते करू नका. त्या पिनेतून फक्त हवी ती लहर निघत नाही, तिच्या पटीतल्या लहरीही निघतात, आणि एफएमच्या लगेच वर १०८ मेगाहर्ट्झपासून विमानांचा पट्टा सुरू होतो. प्रक्षेपणाची हौस असेल तर दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढा.

मोबाइल असताना याचा उपयोग काय?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा कोलमडलेल्या संपर्कव्यवस्थेत हॅम ऑपरेटर मदतीला आले होते. टॉवर, केबल, वीज यांतलं काही नसताना चालणारी माणसामाणसांतली व्यवस्था आजही रेडिओच आहे. आणि रेडिओ जाणणारी माणसं आपत्तीच्या दिवशी अचानक तयार होत नाहीत.

रोजगाराचंही बोलू. मोबाइल नेटवर्कचा मोठा भाग आता सॉफ्टवेअर रेडिओच आहे. एसआरएसरॅन आणि ओपनएअरइंटरफेस हे मुक्त प्रकल्प फोर-जी, फाइव्ह-जीचं बेस स्टेशन साध्या संगणकावर चालवतात. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे सिग्नल संगणकीय गणितानेच जोडले जातात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. तिथे पकडायच्या गुरुत्वीय लहरी रेडिओ लहरी नव्हेत. पण गोंगाटात बुडालेला बारीक सिग्नल आकड्यांतून वर काढायचा, हे काम त्याच विद्येचं. आपल्या मराठवाड्यात जगातल्या अशा मोजक्या वेधशाळांपैकी एक उभी राहत असताना तिथे काम करणारी पोरं इथलीच असावीत, असं मला फार वाटतं.

अडलो तर विचारायचं कसं?

मुक्त प्रकल्पांची मदत मिळते, पण 'चालत नाही' एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती, प्रोग्रॅमची आवृत्ती, पॅकेज वापरलं की स्वतः बांधलं, डोंगल कुठली, आणि आरटीएल-टेस्टने काय छापलं, एवढं पहिल्याच निरोपात द्या. कंपाइल करताना अडलं असेल तर शेवटचा एरर पाठवू नका. बहुतेकदा तो आधीच्या चुकीचा नुसता परिणाम असतो. वर सरकत जाऊन पहिला एरर शोधा आणि त्याचा फोटो न काढता मजकूर कॉपी करून पाठवा, म्हणजे समोरच्याला तो तसाच शोधता येतो. उत्तर मिळून काम झालं, की काय केल्याने झालं तेही त्याच जागी लिहा, मराठीतून लिहिलं तर फारच उत्तम. लिनक्स मिंटवर अडलेल्या जालन्याच्या पोराला तुमच्या त्या चार ओळी पुढच्या महिन्यात लागणार आहेत.